कन्कशननंतर रेंगाळणारी लक्षणं आणि एरोबिक व्यायाम

डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसला (कन्कशन) की डोकेदुखी, गरगरणं, उजेड-आवाज सहन न होणं, लक्ष न लागणं असे त्रास सुरू होतात. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत जातात, पण काहींचे चार आठवडे उलटले तरी जात नाहीत, आणि अशा पेशंटना मोजून-मापून दिलेला एरोबिक व्यायाम (चालणं, ट्रेडमिल, एका जागी उभी असलेली सायकल) ही आता मान्य झालेली उपचारपद्धत आहे. मोजून-मापून हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा, कारण नुसतं 'व्यायाम करा' असं सांगणं म्हणजे हा उपचार नव्हे.

आधी सल्ला नेमका उलटा असायचा. खेळातल्या कन्कशनवरच्या २००१ च्या व्हिएन्ना परिषदेपासून लक्षणं पूर्ण जाईपर्यंत आराम हेच सूत्र होतं. त्यामागे पहिली दुखापत भरण्याआधी दुसरा मार बसला तर जीवावर बेतू शकतं ही भीती होती आणि ती खोटी नव्हती, पण मैदानावर परत न पाठवणं आणि अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवणं यातला फरक पुसला गेला. २०१५ मध्ये आलेल्या एका चाचणीत पाच दिवस कडक आराम केलेल्या मुलांनी एक-दोन दिवस आराम केलेल्यांपेक्षा जास्त लक्षणं नोंदवली. त्याच मालिकेतल्या २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेने तर कडक आरामाचा फायदा नाही असं स्पष्टच म्हटलं.

पद्धतीचं श्रेय कोणाचं यावर एकमत नाही. मॉन्ट्रियलच्या इझाबेल गॅन्यों आणि सहकाऱ्यांनी साधारण २००९ च्या सुमारास सावकाश बऱ्या होणाऱ्या मुलांसाठी एरोबिक आणि समन्वयाचे व्यायाम एकत्र असलेला कार्यक्रम मांडला, तर बफेलो विद्यापीठाच्या जॉन लेडी आणि बॅरी विलर यांचा १२ पेशंटवरचा प्राथमिक अभ्यास २०१० चा. छापील तारखा बघितल्या तर मॉन्ट्रियल थोडं आधी येतं, पण डोस कसा ठरवायचा याचं उत्तर बफेलोच्या कामात जास्त नेमकं सापडतं, म्हणून पुढचं बरंचसं संशोधन त्याच वाटेने गेलेलं दिसतं.

बफेलोची ट्रेडमिल टेस्ट हृदयरोगासाठीच्या जुन्या बाल्के टेस्टवरून घेतलीये. वेग साधारण ताशी ५ ते ६ किमी, दर मिनिटाला चढ १ टक्क्याने वाढवत न्यायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर नाडी, किती दम लागला आणि लक्षणं शून्य ते दहाच्या पट्टीवर किती आहेत हे विचारत राहायचं. सुरुवातीपेक्षा लक्षणं ३ अंकांनी वाढली की थांबायचं. त्या क्षणीचा हार्ट रेट हा उंबरठा, आणि रोजचा व्यायाम त्याच्या ८० ते ९० टक्क्यांवर, साधारण २० मिनिटं. म्हणजे उंबरठा १४० असेल तर ११२ ते १२६. टेस्ट अधूनमधून परत करून आकडा वर न्यायचा. ट्रेडमिलवर पूर्ण दमेपर्यंत चालूनही लक्षणं वाढलीच नाहीत, तर डोकेदुखीचं मूळ मानेत, नजरेत किंवा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत शोधावं लागतं. निदानाच्या दृष्टीने ही गोष्ट खूप मोलाची आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

हे का चालतं? सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं की हादऱ्यानंतर स्वायत्त मज्जासंस्था (हृदयाची गती, रक्तदाब आपोआप सांभाळणारी) आणि मेंदूचा रक्तप्रवाह यांचं नियंत्रण बिघडतं, कार्बन डायऑक्साइडला मिळणारा प्रतिसाद बदलतो, त्यामुळे थोड्या श्रमातही डोकं ठणकायला लागतं, आणि उंबरठ्याखालच्या सरावाने हे नियंत्रण परत येतं. चेतापेशींच्या वाढीला मदत करणाऱ्या बीडीएनएफ प्रथिनाचाही दाखला देतात, पण तो पुरावा बराचसा उंदरांवरचा, आणि त्यात व्यायाम फार लवकर सुरू केला तर उलट नुकसान दिसलं होतं. माणसांत मात्र पहिले २४ ते ४८ तास सोडले तर लवकर सुरुवात सुरक्षित ठरलीये.

पुराव्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सगळ्यात भक्कम चाचण्या दुखापतीनंतर दहा दिवसांच्या आत आलेल्या १३ ते १८ वयाच्या खेळाडूंवरच्या आहेत. २०१९ च्या चाचणीत (१०३ जण) बरं व्हायला लागलेल्या दिवसांचा मध्यक एरोबिक गटात १३ तर स्ट्रेचिंग गटात १७, आणि २०२१ च्या चाचणीत (११८ जण) १४ विरुद्ध १९. महिनोन्‌महिने त्रास असलेल्या मोठ्या माणसांवरचे अभ्यास तुलनेने लहान आहेत.

डोकेदुखीचं वेगळं बघायला हवं. मार लागल्यानंतर सात दिवसांत सुरू होऊन तीन महिन्यांपलीकडे टिकली तर ती चिवट आघातजन्य डोकेदुखी धरतात आणि तिचं रूप बऱ्याचदा मायग्रेनसारखं असतं. मायग्रेनमध्ये आठवड्याला तीनदा ४० मिनिटं व्यायाम हा टोपिरामेट या मायग्रेन टाळण्यासाठीच्या औषधाच्या बरोबरीने ठरल्याचा स्वीडिश अभ्यास (२०११) आहे, पण तो आघातजन्य डोकेदुखीला जसाच्या तसा लावता येत नाही. वेदनाशामकांच्या अतिवापराने टिकलेली डोकेदुखी असेल तर आधी गोळ्या आवरायला लागतात.

व्यायाम करताना लक्षणं दोन अंकांपर्यंत आणि तासाभरापेक्षा कमी वेळ वाढली तर चालतं. तोल जात असेल तर ट्रेडमिलऐवजी सायकल. हृदयविकार किंवा मानेची गंभीर दुखापत असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी, आणि वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, शुद्ध हरपणं, हातापायात अशक्तपणा यातलं काहीही दिसलं तर टेस्टचा विचार सोडून थेट इमर्जन्सी.