कोबीतली अळी निर्दोष आहे

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरतो. कोबीचा गड्डा, सुरीने उलगडलेली पानं, आत वळवळणारी हिरवट अळी आणि खाली मजकूर, की हा किडा शिजवूनही मरत नाही, थेट मेंदूत जातो. मग काही दिवस घरात कोबी येत नाही. ती अळी बहुधा चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची असते, कोबी लावणाऱ्या शेतकऱ्याला ती चांगलीच ठाऊक आहे. शिजवली की ती मरते, चुकून कच्ची पोटात गेली तर पचून जाते, आणि माणसाच्या मेंदूपर्यंत जाण्याची तिची काही सोयच नाही. तरी व्हिडिओ पाठवणाऱ्या काकांना उडवून लावायची घाई नको. मेंदूत किडा होतो ही गोष्ट खरी आहे, त्यांनी पकडलेला आरोपी मात्र भलताच आहे.

खऱ्या आरोपीचं नाव टीनिया सोलियम. आपल्याकडे त्याला डुकरातला पट्टकृमी म्हणतात आणि त्या नावामुळे डुकराची उगाच बदनामी होते. कारण पूर्ण वाढलेला हा जंत निसर्गात एकाच प्राण्याच्या आतड्यात राहतो, आणि तो प्राणी म्हणजे माणूस. लांबी सहज दोन ते सात मीटर. डोकं जेमतेम मिलिमीटरभर. त्यावर चार चूषकं आणि आकड्यांचं दुहेरी कडं, त्याच्या जोरावर तो आतड्याच्या भिंतीला धरून बसतो. मागचं सगळं शरीर म्हणजे एकापुढे एक जोडलेले चपटे तुकडे. शेवटाकडचे पिकलेले तुकडे सुटतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. अशा एका तुकड्यात 50,000 पर्यंत अंडी असू शकतात. ज्याच्या पोटात हे चाललेलं असतं त्याला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. कधी पोट दुखतं, कधी मळमळतं, एवढंच.

उघड्यावर पडलेली अशी विष्ठा मोकाट डुक्कर खातं. अंड्यांतून निघालेले सूक्ष्म भ्रूण त्याच्या आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि मांसात जाऊन बसतात. तिथे त्यांच्या पाणीदार गाठी होतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या, अर्धपारदर्शक, आत एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे पुढच्या जंताचं आत वळलेलं डोकं. हे मांस कोणी अर्धकच्चं खाल्लं की ते डोकं बाहेर येतं, आतड्याला चिकटतं आणि काही महिन्यांत नवा जंत तयार होतो.

गाठी आणि जंत या एकाच प्राण्याच्या दोन अवस्था आहेत हे सिद्ध झालं ते अंगावर काटा आणणाऱ्या पद्धतीने. 1855 मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या फ्रीडरिख क्यूखेनमायस्टर या डॉक्टरने मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या कैद्याच्या जेवणात, त्याला न सांगता, डुकराच्या मांसातल्या गाठी मिसळल्या. शिक्षेनंतरच्या विच्छेदनात आतड्याला चिकटलेले कोवळे पट्टकृमी सापडले. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही, आणि तेव्हाही त्यावर टीका झाली. पण डुकराचं मांस नीट शिजवून खा, हा सल्ला त्यातूनच पक्का झाला.

मेंदूतल्या गाठीला हा सल्ला लागू पडत नाही. मांसातली गाठ खाल्ली तर पोटात जंत होतो, मेंदूत काही जात नाही. मेंदूत गाठ होते ती जंताची अंडी गिळल्यामुळे, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. अंडी पोटात गेलेल्या माणसाची गत डुकरासारखी होते. भ्रूण रक्तात शिरतात आणि स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत गाठी धरतात. अंड्याचा आकार मिलिमीटरचा पंचविसावा-तिसावा भाग, म्हणजे डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही. मैलापाण्यावर वाढलेली कोथिंबीर, मुळा, गाजर, आणि हो, कोबीसुद्धा, यांवर ती असू शकतात. न धुतलेल्या हातांनी वाढलेल्या जेवणातही असू शकतात. पोटात जंत असलेला माणूस घरातच असेल तर धोका सगळ्यात जास्त. आपण शाकाहारी, आपल्याला कसली भीती, असं म्हणणाऱ्या घरांतही हा आजार निघतो तो यामुळेच.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथल्या कर्मठ ज्यू वस्तीतल्या चार जणांच्या मेंदूत या गाठी आढळल्या, त्याची नोंद 1992 मध्ये प्रसिद्ध झाली. या समाजात डुकराचं मांस पूर्ण निषिद्ध. चौकशी केल्यावर धागा लागला तो या घरांत स्वयंपाकपाणी करायला लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायकांपर्यंत. त्यांच्यातल्या एकीच्या पोटात जंत निघाला. त्या बाईलाही याची काही कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

मेंदूतली गाठ कित्येक वर्षं गप्प बसू शकते. जिवंत असेपर्यंत गाठीतली अळी, म्हणजे जंताचं कोवळं रूप, शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवत राहते. ती मरायला लागली की हे चकवणं थांबतं, शरीर तिच्यावर तुटून पडतं, आजूबाजूला सूज येते आणि एक दिवस धडधाकट माणसाला फिट येते. म्हणजे त्रास होतो तो बऱ्याचदा जिवंत अळीपेक्षा मरणाऱ्या अळीचा. ब्रिटिश लष्कराला हे भारतामुळे कळलं. इथे नोकरी करून परतलेल्या सैनिकांना मायदेशी गेल्यावर, काहींना तर बऱ्याच वर्षांनी, फिट येऊ लागल्या. अशा 450 रुग्णांचा मोठा अहवाल 1961 मध्ये निघाला. त्यातले बहुतेक भारतात राहून गेलेले होते.

खुद्द भारतात मात्र गाडी वेगळ्याच रुळावर गेली होती. 1980 च्या दशकात सीटी स्कॅन मिळू लागला आणि फिट येणाऱ्या तरुण रुग्णांच्या मेंदूत एकच छोटी, कड चमकणारी गाठ वारंवार दिसू लागली. टीबी आपल्या इतका अंगवळणी पडलेला की डॉक्टरांनी तिला टीबीची गाठ मानलं आणि महिनोन्महिने टीबीची औषधं दिली. गाठ नाहीशी व्हायची, औषध लागू पडलं असं सगळे समजायचे. पण औषध न घेणाऱ्यांचीही गाठ जात होती! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. आत पट्टकृमीची मरणारी अळी निघाली. हे काम 1989 ते 1991 च्या सुमारास प्रसिद्ध झालं, आणि कितीतरी रुग्णांची टीबीच्या नको असलेल्या औषधांपासून सुटका झाली. भारतीय वैद्यकातली ही एक फार मोलाची, पण फारशी न सांगितली गेलेली गोष्ट आहे, असं मला वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हा जंत जिथे ठाण मांडून आहे, तिथल्या अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांच्या आजाराचं मूळ या गाठींत असतं. आपल्याकडे अजून फिट आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात, दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालतात. दोन्ही करू नये. माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, आणि शुद्धीवर आला तरी डॉक्टरला दाखवावं. अळी मारायची औषधं आहेत, अल्बेंडाझोल आणि प्रॅझिक्वांटेल. पण ती मनाने घ्यायची नाहीत. एकदम बऱ्याच अळ्या मेल्या तर मेंदूची सूज वाढते, म्हणून सोबत स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि गाठ डोळ्यात नाही ना हे आधी पाहावं लागतं. शाळेत वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही इथे फारशी कामाची नाही. ती गोल जंत आणि अंकुशकृमींसाठी असते, तिच्या एका मात्रेने पट्टकृमी जाईलच याचा भरवसा नाही. घरात कोणाच्या मेंदूत अशी गाठ निघाली तर बाकीच्यांची, स्वयंपाक करणाऱ्याची तर नक्कीच, शौचाची तपासणी करून घ्यावी. हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

गाईगुरांतही याचा भाऊबंद असतो, टीनिया सॅजिनाटा. त्याची अंडी माणसाच्या मेंदूत गाठी करत नाहीत, त्यामुळे त्याची भीती बरीच कमी.

गोव्यात जुन्या घरांच्या मागे संडासाची मोरी थेट डुकरांच्या खुराड्यात उतरायची. मैला साफ आणि डुक्कर पोसलेलं, दोन्ही कामं फुकटात. या जंतासाठी याहून सोयीची रचना शोधून सापडली नसती. तिथले ते संडास आता जवळपास गेले. महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 मध्ये सुरू झालं, पुढे गावांच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशा पाट्या लागल्या. पाटी लागली तरी पहाटे टमरेल घेऊन निघणारी माणसं सगळीकडेच थांबली असं नाही, आणि उकिरड्यावरची डुकरंही अजून दिसतात.

हा जंत हटवता येतो हे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने दाखवलं. तिथल्या टुंबेस भागात माणसांना जंताचं औषध, डुकरांना औषध आणि लस, असा एकत्र मारा केला. शेवटी 107 पैकी 105 गावांत लागण थांबल्याचं 2016 मध्ये जाहीर झालं. डुकरांची ही लस मूळ ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधनातून आली. तिचं उत्पादन होतं हैदराबादला, इंडियन इम्युनॉलॉजिकल्समध्ये, सिसव्हॅक्स या नावाने. सोबत डुकराला ऑक्सफेंडाझोल हे जंताचं औषध दिलं की आधीच्या गाठीही मरतात. अडचण पैशाची आहे. गाठी झालेलं डुक्कर आजारी दिसत नाही, वजनही बहुधा घटत नाही, त्यामुळे लसीसाठी खिशात हात घालायला पाळणाऱ्याकडे काही कारण नसतं. फायदा होतो तो पुढे कधीतरी फिट येणार असलेल्या भलत्याच कोणाचा तरी. मग लसीचा खर्च पशुसंवर्धन खात्याने करायचा की आरोग्य खात्याने, इथे गाडी अडते.