टिम डंकन: पोहायचा तलाव गेला तिथपासून एनबीएतल्या १९ सीझनपर्यंत

बास्केटबॉलपटू टिम डंकन एवढा शांत का होता, सगळं करिअर एकाच टीममध्ये कसं काय काढलं त्याने, हे समजून घ्यायचं तर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगच्या, आधी सेंट क्रॉयला जावं लागतं. कॅरिबियन समुद्रातलं छोटंसं बेट आहे, अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन आयलंड्सपैकी. तिथे हा मुलगा पोहायचा, ४०० मीटर फ्रीस्टाइल हा त्याचा इव्हेंट. बहीण ट्रिशा १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला पोहून आलेली, त्यामुळे याचंही स्वप्न तेच.

सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो वादळ आलं आणि बेटावरचा एकमेव ऑलिम्पिक साइजचा तलाव पार मोडून गेला. प्रॅक्टिस समुद्रात करायची वेळ आली पण त्याला शार्कची भीती वाटायची, तिथून त्याचं मन उडत गेलं. त्यात आई कॅन्सरने आजारी होती, एप्रिल १९९० मध्ये त्याच्या १४ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती गेली. त्यानंतर पोहणं संपलंच.

बास्केटबॉल सुरू झालं ते नववीत, म्हणजे उशीराच, आणि शिकवलं बहिणीच्या नवऱ्याने. पुढे काही तरुण प्रो खेळाडू बेटावर आले होते तेव्हा या शाळकरी पोराने अलोन्झो मोर्निंगसारख्या तगड्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) तोडीस तोड टक्कर दिली, ही बातमी वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीचे कोच डेव्ह ओडम यांच्या कानावर गेली आणि १९९३ मध्ये तो नॉर्थ कॅरोलिनाला पोचला.

मला सगळ्यात जास्त भावतो तो हा कॉलेजचा काळ. दोन-तीन वर्षांनंतर लगेच ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, उतरला असता तर कोट्यवधी रुपये समोर तयार होते, सगळे सांगत होते जा म्हणून, पण आईला शब्द दिला होता की डिग्री पूर्ण करणार, म्हणून पूर्ण चार वर्षं थांबला आणि १९९७ मध्ये सायकॉलॉजीची डिग्री घेऊनच बाहेर पडला. त्या चार वर्षांत फूटवर्क, बोर्डवर आपटून मारायचा शॉट, दोघांनी मिळून घेरलं (डबल टीम) की पास कुठे द्यायचा, हे सगळं पक्कं झालं. म्हणूनच पहिल्याच सीझनला तो नवखा वाटला नाही.

सॅन अँटोनियो स्पर्सचं मात्र नशीब. त्यांचा स्टार खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जखमी, टीम ८२ पैकी २० मॅच जिंकलेली, आणि ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला नंबर लागला. डंकन आला, रॉबिन्सन परतला, पुढच्याच वर्षी ५६ विजय. १९९९ ला पहिलं टायटल, मग २००३, २००५, २००७. २००३ च्या फायनलची शेवटची मॅच तर बघाच, २१ पॉइंट, २० रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), १० असिस्ट (बास्केट झाली असे पास), ८ ब्लॉक (अडवलेले शॉट)! मधे २००० साली ऑर्लँडोच्या टीमने त्याला ओढायचा जोरदार प्रयत्न केला होता, तो जवळजवळ गेलाच होता, पण राहिला. आणि २०१२ मध्ये टीमला बाकीचे खेळाडू ठेवता यावेत म्हणून स्वतःचा पगार निम्म्याहून खाली आणला.

२०१३ ची फायनल खूप लागली. सहाव्या मॅचला टायटल हातात होतं आणि शेवटच्या काही सेकंदांत समोरच्या मायामी टीमच्या रे ॲलनने कोपऱ्यातून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारला, मग सातव्या मॅचला शेवटच्या मिनिटात डंकनचा अगदी जवळचा शॉट चुकला, हाताने जमिनीवर थाप मारली त्याने, एरवी चेहऱ्यावर काही न दाखवणारा माणूस. पुढच्या वर्षी परत मायामीच समोर, आणि फायनलच्या आधी हा टीव्हीवर सरळ बोलून गेला की यावेळी आम्हीच जिंकणार. जिंकले, ४-१ ने. पाचवं टायटल, वय ३८.

जुलै २०१६ मध्ये टीमने एक पत्रक काढलं, डंकन रिटायर. त्याच वर्षी दुसरा दिग्गज खेळाडू कोबी ब्रायंटचा अख्खा सीझन निरोपाचा झाला होता, इथे प्रेस कॉन्फरन्सलासुद्धा तो स्वतः नव्हता, कोच पॉपोविच एकटे आले, डंकनचा चेहरा छापलेला शर्ट घालून, आणि बोलताना त्यांनाच भरून आलं. २०१९-२० ला एक सीझन तो त्यांचा असिस्टंट कोच होता आणि बास्केटबॉलमधल्या दिग्गजांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये २०२० च्या बॅचला कोबी आणि केविन गार्नेटसोबत त्याचं नाव लागलं.