बारा टाक्यांची एक खोली

माशांसाठी वेगळी खोली केली तेव्हा पहिली तक्रार माशांकडून नव्हे, भिंतीकडून आली. लोखंडी मांडणीच्या मागे, टाक्यांच्या काठाच्या जरा वर, काळ्या ठिपक्यांची एक ओळ उमटली आणि आठवडाभरात ठिपके एकमेकांना भिडले. गळती कुठेच नव्हती. रोज सकाळी टाक्यांमधली पातळी दोनेक मिलिमीटर उतरलेली असायची एवढंच. दिवाणखान्यात एकच टाकी होती तेव्हा मी तिकडे लक्ष देत नव्हतो, तीच सवय इथेही चालू होती.

आता हिशोब बघा. ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद टाकीचा पृष्ठभाग साधारण ०.४ चौरस मीटर. अशा १२ टाक्या म्हणजे जवळजवळ ५ चौरस मीटर उघडं, कोमट पाणी. त्यातलं दोन मिलिमीटर म्हणजे रोजचं १० लिटर. तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीतली सगळी हवा २५ अंशांना वाफेने काठोकाठ भरली तरी तिच्यात एक लिटरसुद्धा पाणी मावत नाही. मग उरलेलं जाणार कुठे? खोलीतला सर्वांत थंड पृष्ठभाग शोधून, म्हणजे बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीवर, ते दव होऊन बसतं. बुरशीला एवढंच हवं असतं.

बरं, वाफ फुकट होत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट एवढी उष्णता लागते. १० लिटर म्हणजे रोजची जवळपास सात युनिटं, आणि थंडीच्या दिवसांत ती हीटरमधून येतात. प्रत्येक टाकीवर काचेचं झाकण ठेवलं आणि एक छोटा एक्झॉस्ट पंखा बसवला, तेव्हा भिंत वाळली आणि हीटरही कमी वेळ पेटायला लागले. मासे उडी मारून बाहेर पडायचे थांबले तो वरकड फायदा.

एक टाकी ही खोलीतली एक वस्तू असते. बारा झाल्या की खोलीच टाकी होते. ओल, उष्णता, हवा, वजन, रोग या गोष्टी मग एकेका टाकीच्या राहत नाहीत, आणि हौशी लोक चुकतात ते नेमकं इथेच. माशांबद्दल वाचलेलं असतं, खोलीबद्दल काहीच वाचलेलं नसतं.

उष्णतेचंच घ्या. माझ्या खोलीत जवळजवळ दोन हजार लिटर पाणी आहे. ते एक अंशाने तापवायला साधारण २.३ युनिटं लागतात. खोलीतल्या सगळ्या हवेला एक अंश चढवायला लागणारी ऊर्जा याच्या दोनशेव्या हिश्श्याइतकी. म्हणजे खोलीचं तापमान खऱ्या अर्थाने पाणी सांभाळत असतं. रात्री वीज गेली तर एकट्या छोट्या टाकीचं पाणी भराभर गार होतं, भरलेली खोली मात्र तासन् तास तग धरते. म्हणूनच टाक्या पाच-सहाच्या पुढे गेल्या की प्रत्येकीत वेगळा हीटर टाकण्यापेक्षा खोलीच उबदार ठेवणं बरं पडतं. शिवाय १२ हीटर म्हणजे थर्मोस्टॅट चिकटून बसण्याच्या १२ शक्यता. चिकटलेला हीटर पाणी तापवतच राहतो, आणि सकाळी काय दिसतं ते सांगायला नको. खोली तापवण्याचा एक तोटा आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

पाण्याचं वजन सगळ्यांना ठाऊक असतं, बेरीज करायची तेवढी राहून जाते. वर सांगितलेल्या मापाच्या टाकीत ४० सेंटिमीटर पाणी भरलं तर ते १६२ लिटर, म्हणजे १६२ किलो. काच तीसेक किलो, वाळू-दगड धरून दोनशेच्या आसपास. एकावर एक तीन टाक्यांची मांडणी ६०० किलोंची झाली, आणि ती उभी असते ०.४ चौरस मीटर जागेवर. राहत्या घराच्या मजल्याचा आराखडा सहसा दर चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपासचा पसरलेला भार धरून केलेला असतो. मांडणी ठेवली की मजला खाली येईल असा याचा अर्थ नाही, कारण तो आकडा सबंध मजल्यासाठी असतो. पण जागा मनाला येईल तशी निवडू नये. तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर असाल तर भार पेलणाऱ्या भिंतीला लागून, तुळईच्या जवळ, आणि तेही स्थापत्य अभियंत्याला दाखवून. खोलीच्या मधोमध मांडणी फार देखणी दिसते. तो मोह टाळावा.

काचेचा हिशोब याहून गमतीचा. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकी मागे किती खोल आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. माझ्या टाकीच्या पुढच्या काचेवर पाणी सुमारे ७२ किलो वजनाएवढ्या जोराने रेटत असतं. तेवढ्याच लांबीच्या टाकीत पाण्याची उंची दुप्पट केली तर हा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. पैदास करणारे लोक बुटक्या, पसरट टाक्या पसंत करतात त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे पसरट टाकीला हवेशी भिडणारा पृष्ठभाग जास्त मिळतो. टाकीखाली फोमची किंवा थर्माकोलची शीट घालायला विसरू नका. तळाच्या काचेखाली अडकलेला वाळूचा एक कण सगळा भार एका टोकावर घेतो आणि तिथूनच तडा जातो.

हवेची गोष्ट मात्र मला कानांनी शिकवली. माशांच्या खोलीला स्वतःचा एक आवाज असतो: पंपाची घरघर आणि तिच्यावर बारा ठिकाणची बुडबुड. एका सकाळी दार उघडलं तर बुडबुड फक्त वरून, डाव्या कोपऱ्यातून येत होती. तिथे टाकी अक्षरशः उकळल्यासारखी दिसत होती, आणि बाकीच्या अकराही टाक्या गप्प. एंजल मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं लावून होते. पंप ठीक होता, नळी कुठे निघालेली नव्हती. आदल्या रात्री मी त्या कोपऱ्यातल्या टाकीतलं पाणी पिल्लांसाठी १५ सेंटिमीटरवर आणलं होतं, एवढंच झालं होतं.

पाण्यातून बुडबुडा बाहेर ढकलायला वरच्या पाण्याच्या उंचीएवढा दाब लागतो. बाकीच्या टाक्यांत ४० सेंटिमीटरचा, इथे १५ चा. हवा सोपा रस्ता धरते आणि एकदा धरला की दुसरीकडे फिरकत नाही. उपाय साधा आहे. छताजवळून जाड पीव्हीसी पाइपचं बंद कडं फिरवायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा येऊन दाब सगळीकडे सारखा राहतो. मग प्रत्येक टाकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह, आणि उथळ टाक्यांचे व्हॉल्व्ह मुद्दाम आवळलेले. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा. तो खाली असला आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटं चढून सायफन सुरू होतो आणि टाकी पंपावर आणि फरशीवर रिकामी होते.

या हवेवर चालणारा स्पंज फिल्टर हे माझ्या मते या छंदातलं सर्वांत हुशार यंत्र आहे. त्यात फिरणारा एकही भाग नाही. नळीत बुडबुडे सोडले की आतलं पाणी हवा मिसळल्यामुळे हलकं होतं, बाहेरचं जड पाणी स्पंजातून आत घुसून त्याला वर ढकलतं. वर आलेलं पाणी पृष्ठभाग ढवळतं आणि बराचसा प्राणवायू तिथेच विरघळतो, बुडबुड्यांतून थेट मिळणारा वाटा लहान असतो. हा प्राणवायू जपून वापरावा लागतो. २५ अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६. आणि गरम पाण्यात माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात.

स्पंज पिळला की चहासारखं तपकिरी पाणी निघतं. त्या गाळाकडे नाक मुरडू नका. माशांनी कल्ल्यांतून टाकलेला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तिथे राहतात. १८९० च्या सुमारास रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी मातीतले असे जिवाणू वेगळे काढले, आणि या दोन पायऱ्या दोन वेगळे सूक्ष्मजीव चढतात हे शतकभर गृहीत धरलं गेलं. मग माशांच्या टाक्यांनीच ते चित्र बदललं. अमोनियावर जगणारा आर्किया या, जिवाणूंहून वेगळ्या, गटातला पहिला सूक्ष्मजीव २००५ मध्ये जाहीर झाला, तो सिएटलच्या मत्स्यालयातल्या उष्णकटिबंधीय टाकीतला. २०१५ मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारा जिवाणू सापडला, त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून लागला.

अनेक टाक्यांचा मोठा फायदा इथे मिळतो. एकच टाकी असली तर नव्या फिल्टरमध्ये हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्याकडे चालत्या टाकीत एक जास्तीचा स्पंज कायम पडलेला असतो. तो उचलून नव्या टाकीत ठेवला की त्याच दिवशी थोडे मासे सोडता येतात. स्पंज धुवायचा तो टाकीतल्याच पाण्यात. नळाच्या क्लोरीनने वसाहत मरते.

पण हेच जिवाणू काम करताना पाणी आम्लधर्मी करत जातात. पाण्यातला क्षार संपत आला की पीएच घसरतो, आणि सहाच्या आसपास आल्यावर जिवाणूंचं काम मंदावतं. माझी कोपऱ्यातली एक टाकी अशीच मागे पडली होती. मासे ठणठणीत दिसत होते, म्हणून पाणी बदलणं पुढे ढकलत गेलो. मग एका रविवारी अपराधी वाटून निम्म्याहून जास्त पाणी एका दमात बदललं. संध्याकाळपर्यंत सात टेट्रा तळाला होते. स्वच्छ पाण्याने मासे मारले, हे पटायला मला वेळ लागला.

रसायनशास्त्र सरळ आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक जवळपास निरुपद्रवी अमोनियम. पीएच ७ ला विषारी रूपाचा वाटा शेकडा अर्धा-पाऊण, ८ ला शेकडा ५, ९ ला तिसऱ्या हिश्श्याच्या वर. ६ ला तर तो नगण्य. त्या टाकीत काम मंदावलेल्या फिल्टरमुळे अमोनियम साठत गेलं होतं आणि आम्ल पाण्याने त्याचे दात काढून ठेवले होते. मी ८ पीएचचं ताजं पाणी ओतून ते परत बसवले. अशा टाकीत रोज दहा टक्के, आठवडाभर, एवढ्याच गतीने जावं.

एरवी पाणी बदलणं म्हणजे निव्वळ हमाली. दर आठवड्याला एक तृतीयांश म्हटलं तरी माझ्या खोलीत साडेसहाशे लिटर, १५ लिटरच्या बादलीने चाळीसच्या वर खेपा. म्हणून लोक टाक्यांना भोक पाडून ओव्हरफ्लो बसवतात आणि थेंब थेंब नवं पाणी चालू ठेवतात. त्यात एक गोम आहे. नवं पाणी जुन्यात मिसळतं आणि थोडं नवंही वाहून जातं, त्यामुळे टाकीच्या निम्मं पाणी थेंबाथेंबाने घातलं तर जुनं फक्त ३९ टक्के निघतं. पाणी जास्त जातं, कंबर वाचते. मी कंबर निवडली. क्लोरीन मात्र आधी काढायला हवा. निव्वळ क्लोरीन असेल तर पाणी दिवसभर उघडं ठेवून, हवा सोडून तो उडतो, क्लोरीन-अमोनियाचं संयुग असलेला क्लोरामाइन तसा उडत नाही.

सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच मोठ्या फिल्टरमधून फिरवायची कल्पना कागदावर छान वाटते. मग पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो. त्याचा परजीवी माशावरून गळून तळाशी बसतो, फुटून शेकडो पिल्लं सोडतो, आणि ती पाण्यातून नवा मासा शोधत फिरतात. सामायिक पाणी म्हणजे त्यांना राजमार्ग. वेगळ्या टाक्या असूनही ओली जाळी हे काम चोख करते. म्हणून प्रत्येक मांडणीची जाळी वेगळी, आणि नवा मासा चार ते सहा आठवडे दुसऱ्या खोलीत. हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नये, माशांमधला मायकोबॅक्टेरियम गटातला एक जिवाणू माणसाच्या त्वचेतही घर करतो. विजेची ३० मिलिअँपिअर गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच हवाच, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती सोडायची, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळीतून खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

आता खोली तापवण्याचा तो तोटा. गरम हवा वर जाते. माझ्याकडे सर्वांत वरची आणि खालची फळी यांच्या पाण्यात तीन अंशांचा फरक पडतो. मी तो सोय म्हणून वापरला: वर उष्णता मागणारे डिस्कस, खाली गारव्यातले डॅनिओ. एपिस्टोग्रामा या छोट्या सिक्लिडची पिल्लंही जागा होती म्हणून वरच वाढवली. मोठी झाली तेव्हा जोड्या लावायला बसलो तर जवळजवळ सगळे नरच. या माशांमध्ये नर की मादी हे पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या पाण्याच्या तापमानावर बरंचसं अवलंबून असतं. १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत २९ अंशांना नर जास्त आणि २३ अंशांना माद्या जास्त निघाल्या. पुढची वीण मी मधल्या फळीवर ठेवली आहे, आणि टाकीच्या काचेवर रोज सकाळचं तापमान खडूने लिहितो आहे. आज २६ आहे.