टेपेस्ट्रीवरची फ्रेंच ओळ वाचून हवी आहे?

भिंतीवर टांगायची जुनी टेपेस्ट्री, म्हणजे चित्र विणलेलं कापड, अस्तर बदलायला किंवा फ्रेम करायला आणली, की बरेच ग्राहक विचारतात, "यावर फ्रेंच काय लिहिलंय?" वाचून देतो. फक्त त्याआधी ओळीवर पाणी, साबण किंवा इस्त्री फिरवू नका. लोकरीचा रंग एकदा फुटला की अक्षराची कड गेलीच. चवथीच्या साफसफाईत बुरशी धरलेली टेपेस्ट्री सापडली, तरी ओलं फडकं नको. हवेशीर खोलीत सावलीला आडवी पसरून ठेवा.

फोटो पाठवणार असाल तर फ्लॅश बंद करा. मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला की विणीचा उंचसखलपणा उठून दिसतो आणि उडालेलं अक्षरही ओळखता येतं. मागच्या बाजूचाही एक फोटो हवा. तिथली अक्षरं उलटी असतात, पण उजेड न लागल्याने रंग ताजे राहतात.

कागदावर उतरवून देणार असाल तर दिसतं तसंच उतरवा, सुधारू नका. जुन्या लेखनात 'यू'च्या जागी 'व्ही', 'जे'च्या जागी 'आय' येतो, शब्दांमधली जागा कधी विणताना खाल्ली जाते, स्वरांवरच्या खुणा बहुधा नसतातच. स्वरावर आडवी रेघ दिसली तर ती पुष्कळदा गाळलेल्या 'एन' किंवा 'एम'ची असते. आपल्याकडे गोव्यात मात्र आधी वेगळीच शंका घ्यावी लागते: ओळ पोर्तुगीज तर नाही? 'ए' किंवा 'ओ'वर नागमोडी खूण आणि शब्दात 'एनएच' किंवा 'एलएच' ही जोडी दिसली, तर बहुतेक पोर्तुगीजच.

शिंगवाला घोडा, सिंह, निळा तंबू आणि मधे उभी बाई असं चित्र असेल, तर तंबूवर 'आ मों सल देझीर' असणार. 'माझ्या एकमेव इच्छेला' असा त्याचा साधारण अर्थ. मूळ टेपेस्ट्री 1500 च्या सुमाराची, पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयातल्या सहांच्या संचापैकी एक. बाकीच्या पाच पंचेंद्रियांवर आहेत. या ओळीचा रोख नक्की कशाकडे, यावर जाणकारांचं आजही एकमत नाही, त्यामुळे छातीठोक अर्थ सांगणाऱ्या विक्रेत्याचं फार मनावर घेऊ नका. ढालीभोवतीच्या पट्ट्यावर 'ओनी स्वा की माल ई पांस' असेल, तर भाषा फ्रेंच पण वस्तू इंग्रजी वळणाची: चौदाव्या शतकात स्थापन झालेल्या ऑर्डर ऑफ द गार्टर या इंग्रज सरदारी संघाचं ते ब्रीद.

आता किमतीचं. ओळ जुनी म्हणून कापड जुनं ठरत नाही. नक्षी आपोआप विणणारा जॅकार्डचा माग 1804 च्या सुमारास आला आणि तेव्हापासून असल्या नकला यंत्रावर निघू लागल्या. पाठ पाहा: रंगीत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ पट्ट्यांत धावत असतील तर काम यंत्राचं. हातविणीत रंग आपापल्या तुकड्यापुरताच असतो, मागे सुटी टोकं लोंबतात. म्हापशाच्या बाजारात कुणी फ्रेंच ओळ दाखवून भाव चढवला, तर आधी अस्तर उचलून बघायला मागा.

ओळ वाचण्याचे पैसे आम्ही घेत नाही. दुरुस्तीचा खर्च टेपेस्ट्री प्रत्यक्ष पाहिल्यावरच सांगतो, फोटोवरून नाही.