प्रचारक नेमका कोणाला पटवतो?

यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ घरोघरी जाऊन प्रचार करण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत या पंथात एक शिस्त होती. महिनाभरात किती तास प्रचार केला, ते प्रत्येकाने कळवायचं. २०२२ च्या वार्षिक अहवालात जगभरच्या तासांची बेरीज आहे सुमारे १५० कोटी. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला सुमारे १ लाख ४५ हजार लोकांनी. भागाकार करून पाहा : एका बाप्तिस्म्यामागे दहा हजारांहून जास्त तास. त्यातही पंथात जन्मून मोठी झालेली मुलं धरलेली आहेत. एखाद्या कंपनीचा विक्री विभाग हा हिशेब घेऊन संचालकांपुढे गेला असता, तर विभागाला त्याच दिवशी टाळं लागलं असतं.

आपल्याकडे धर्मांतराचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक म्हणतो आमिष दाखवलं, दुसरा म्हणतो मनापासून पटलं. दोघंही बोलतात ते ऐकणाऱ्याबद्दल. सांगणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं, याकडे फारसं कोणी बघत नाही, आणि मला तर तीच बाजू जास्त रंजक वाटते.

श्रद्धावंताला विचारलंत तर त्याचं उत्तर सरळ असतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांत जायला सांगतो. बुद्धाने भिक्खूंना ‘बहुजनहिताय, बहुजनसुखाय’ फिरत राहा असं सांगितलं. इस्लाममध्ये दावत, म्हणजे धर्माकडे बोलावणं, हे पुण्यकर्म आहे. शेजारी कायमचा नरकात जाणार असं ज्याला खरोखर वाटतं, त्याने गप्प बसणं हाच दुष्टपणा ठरेल. हे सगळं मान्य. पण यातून हेतू कळतो, पद्धत कळत नाही. लोकांना वाचवायचंच असेल, तर सगळ्यात कमी फळ देणारा मार्ग इतक्या नेटाने का धरायचा?

कमी फळ म्हणजे किती कमी, याचा एक चांगला पुरावा आहे. रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज या समाजशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांची आकडेवारी छापली. अनोळखी घराचं दार ठोठावलं तर हजारात एखादा माणूस धर्मांतर करतो. पण तीच भेट एखाद्या मॉर्मन मित्राच्या घरी झाली, तर जवळजवळ निम्मे करतात. त्याआधी १९६५ मध्ये स्टार्क यांनी जॉन लॉफलंड यांच्याबरोबर सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या एका छोट्या कोरियन पंथाचा अभ्यास केला होता, आणि निष्कर्ष तोच निघाला होता. माणूस आधी माणसांशी जोडला जातो, तत्त्वज्ञान मागाहून पटतं.

आपल्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर रेव्हरंड टिळकांचं. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी परदेशी माणसाने बायबल दिलं आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा हजारातला एक. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र आधी त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे एकत्र राहू लागल्यावरही सोवळं पाळत राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या. संशोधकांच्या तक्त्यात नेहमी दिसतो तो मार्ग लक्ष्मीबाईंचा. (१९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोक बौद्ध झाले, तेही एकेकटे नव्हे, वस्त्याच्या वस्त्यांनी. पण तिथे प्रश्न जातीची विषमता नाकारण्याचा होता. त्या घटनेला या लेखाच्या मापात कोंबणं बरोबर नाही.)

म्हणजे दार ठोठावून दारामागचा माणूस क्वचितच बदलतो. मग बदलतं कोण? दाराबाहेर उभा असलेला.

इथे मला माझा आवडता प्रयोग सांगायला मिळतो, तेव्हा थोडा धीर धरा. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांचा हा प्रयोग १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना एक अत्यंत कंटाळवाणं काम दिलं. अर्धा तास ट्रेमध्ये रिळं भरायची आणि काढायची, मग अर्धा तास फळीवरच्या ४८ खुंट्या एकेक करून पाव फेरा फिरवायच्या. काम संपल्यावर काहींना सांगितलं, बाहेर याच कामासाठी पुढची मुलगी थांबली आहे, तिला हे काम फार मजेचं आहे असं सांग. या खोट्यासाठी काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. नंतर सगळ्यांना विचारलं, खरं सांगा, काम कितपत आवडलं? उणे ५ ते अधिक ५ या पट्टीवर उत्तर द्यायचं होतं.

ज्यांना खोटं बोलायला लावलंच नव्हतं, त्यांची सरासरी आली उणे ०.४५. वीस डॉलरवाल्यांची उणे ०.०५. आणि एक डॉलरवाल्यांची अधिक १.३५! ज्यांना कमी पैसे मिळाले त्यांनाच काम जास्त आवडलं. फेस्टिंगरचं स्पष्टीकरण असं : वीस डॉलर घेणाऱ्याकडे खोटं बोलण्याचं सबळ कारण आहे, पैसे. एक डॉलरसाठी कोण खोटं बोलेल? मग ‘वाटलं एक आणि बोललो दुसरंच’ हा मनातला विसंवाद मिटवायला तो आपलं मतच सरकवतो : तसं वाईट नव्हतं ते काम. डॅरिल बेम यांनी १९६७ मध्ये याला आव्हान दिलं. त्यांच्या मते मनाच्या घालमेलीची गरजच नाही. माणूस स्वतःकडेही परक्यासारखा बघतो आणि ‘मी इतक्या कमी मोबदल्यात हे बोललो, म्हणजे मला ते पटत असणार’ असा निष्कर्ष काढतो. पहिल्या सिद्धांतात अस्वस्थता हे इंजिन आहे, दुसऱ्यात अनुमान. अस्वस्थतेचं खापर फोडायला दुसरं काही दिलं, उदाहरणार्थ ‘या गोळीने बेचैन वाटेल’ असं सांगून गोळी दिली, तर मत बदलतं का, अशा प्रयोगांनी दोन्हींत फरक करता येतो. पण त्या गल्लीत शिरलो तर बाहेर यायला दुसरा लेख लागेल.

धर्मप्रचाराला हे लावून पाहा. मॉर्मन तरुण साधारण दोन वर्षं आणि तरुणी दीड वर्ष प्रचाराला जातात. पगार नाही, उलट खर्च स्वतःचा नाहीतर कुटुंबाचा. रोज नकार, बंद दारं, कुत्री. यात मोबदला एक डॉलरसुद्धा नाही. त्यामुळे ‘मी हे का करतोय’ या प्रश्नाला मनापाशी एकच उत्तर उरतं : कारण हे खरं आहे.

आणखी एक गाठ आहे. आपण समजतो की ज्याचा विश्वास जास्त पक्का, तो जास्त प्रचार करतो. डेव्हिड गॅल आणि डेरेक रकर यांनी २०१० मध्ये याच्या उलट दिशेने बोट दाखवलं. ज्यांचा स्वतःच्या मतावरचा भरवसा मुद्दाम थोडा हलवला, ते इतरांना पटवायला जास्त वेळ आणि जास्त शब्द खर्च करत होते. भरवसा हलवायची युक्ती मजेदार होती. एका प्रयोगात लोकांना आपलं मत सवयीच्या नसलेल्या हाताने लिहायला लावलं. अक्षर डगमगलं, तसा आत्मविश्वासही. समाजमाध्यमांवर एखाद्या फोनची किंवा नेत्याची बाजू घेऊन रात्री दोन वाजता भांडणाऱ्यांकडे बघताना मला हा प्रयोग आठवतो.

आता विज्ञानातल्या अतिउत्साहाबद्दलही बोलायला हवं. याच फेस्टिंगरची सगळ्यात गाजलेली गोष्ट शिकागोजवळच्या एका गटाची आहे. २१ डिसेंबर १९५४ ला प्रलय येणार आणि उडत्या तबकड्या आपल्याला वाचवायला येणार, अशी त्या गटाची श्रद्धा होती. प्रलय आला नाही, आणि आतापर्यंत पत्रकारांना टाळणारी ही मंडळी उलट जोमाने प्रचार करू लागली, असं दशकानुदशकं पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं. २०२५ मध्ये थॉमस केली या संशोधकाने फेस्टिंगरची जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की गोष्ट इतकी सुबक नव्हती. गट आधीपासून प्रचार करत होता, पुढे लवकरच विखुरला, आणि आत घुसलेल्या निरीक्षकांनी स्वतःच बरीच ढवळाढवळ केली होती. त्याआधी २०२४ मध्ये १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांनी मिळून विसंवादाचा एक प्रयोग पुन्हा केला. त्यात लोकांना स्वतःला न पटणाऱ्या मताच्या बाजूने लिहायला सांगितलं. ‘स्वखुशीने लिहा’ म्हटलं काय आणि ‘लिहाच’ म्हटलं काय, दोन्हींत फरक पडला नाही. सिद्धांताप्रमाणे स्वखुशीने लिहिणाऱ्यांचं मत जास्त सरकायला हवं होतं, म्हणजे फेस्टिंगरच्या सिद्धांताच्या गाभ्यालाच धक्का बसला. पण स्वतःला न पटणाऱ्या मताच्या बाजूने ज्यांनी लिहिलं, त्यांचं मत भलत्याच विषयावर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत सरकलं होतं. सांगणारा बदलतो हे टिकलं. का बदलतो, यावर भांडण चालू आहे.

याला जोडून एक साधं गणित. पूर्वी घरोघर पोस्टकार्डं यायची : हा मजकूर अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल. आता तेच व्हॉट्सॲपवर येतं. पाठवलं नाही म्हणून कोणाचं काही वाकडं झालेलं नाही, बिनधास्त पुसून टाका. पण हा मजकूर इतकी वर्षं जिवंत का राहिला? कारण ‘नक्कल करा’ ही सूचना त्याच्या पोटातच आहे. ज्या मजकुरात ती नव्हती, तो आपल्यापर्यंत पोचलाच नाही. धर्मांनाही ही चाळणी लागते. पारशी समाज बाहेरच्यांना धर्मात घेत नाही. १९०८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने ती चौकट आणखी घट्ट केली. १९४१ च्या जनगणनेत पारशी होते १,१४,८९०, आणि २०११ मध्ये ५७,२६४. उशिरा लग्नं, कमी मुलं, परदेशी स्थलांतर ही कारणं आहेतच, पण घट भरून काढायला धर्मांतराची वाट नव्हती. अमेरिकेतल्या शेकर पंथाने तर ब्रह्मचर्यच पाळलं. बाहेरून माणसं येईनाशी झाली, आणि आज तो मेन राज्यातल्या एका वस्तीत हाताच्या बोटांवर मोजता येईल इतका उरला आहे. मात्र यावरून ‘धर्म म्हणजे मनाचा विषाणू’ अशी टाळ्या घेणारी वाक्यं फेकणाऱ्यांशी माझं जमत नाही. विषाणूला कोणी दोन वर्षं पदरचे पैसे घालून, उन्हातान्हात हिंडून पसरवत नाही.

माझ्या म्हणण्यातली कच्ची जागा आता सांगतो. प्रचाराहून परतलेले मॉर्मन जास्त श्रद्धाळू दिसतात, पण मुळात जातात तेच श्रद्धाळू, असं कोणीही म्हणू शकेल. नाणं उडवून अर्ध्यांना पाठवायचं आणि अर्ध्यांना घरी ठेवायचं, असा प्रयोग कोणतंही चर्च करू देणार नाही. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये चर्चने स्वतःच एक संधी दिली. प्रचाराला जाण्याचं किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं. वर्षभरात प्रचारक सुमारे ५९ हजारांवरून ८३ हजारांवर गेले, म्हणजे ४० टक्के वाढ. धर्मांतरितांची संख्या वाढली जेमतेम ४ टक्के. पूर्वी एकविसाव्या वर्षापर्यंत ज्यांची लग्नं होऊन जायची, अशा कितीतरी मुली आता जाऊ शकल्या. कोण जाणार हे इथे काही प्रमाणात श्रद्धेने नाही, जन्मतारखेने ठरलं. त्या मुली आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, संधी हुकलेल्या बायकांशी त्यांची तुलना करायची, आणि किती जणी अजून चर्चमध्ये आहेत ते मोजायचं.