गव्हाचे टरफल सैल कसे झाले : ‘क्यू’ जनुकाची पार्श्वभूमी

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात पिकणारा खपली गहू आणि लाडू-रव्यासाठी मागणी असलेला बन्सी गहू हे दोन्ही २८ गुणसूत्रांचे, अगदी जवळचे भाऊबंद आहेत. तरीही मळणीत बन्सीचा दाणा मोकळा होतो, तर खपलीच्या ओंबीचे टरफलासकट तुकडे पडतात आणि दाणा काढण्यासाठी ते पुन्हा कांडावे लागतात. हे टरफल म्हणजे गव्हाच्या फुलाला वेढणारी पाती असल्यामुळे ते घट्ट की सैल हे फूल घडत असतानाच ठरते.

मोकळ्या दाण्याच्या गव्हात अधूनमधून स्पेल्टसारखी (टरफलात घट्ट दाणा राहणाऱ्या एका गव्हासारखी) लांबट, चिवट टरफलांची ओंबी येते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या नील्सन-एले यांनी अभ्यासले होते. या गुणाला जबाबदार असलेल्या ५-ए गुणसूत्रावरील जनुकाला पुढे ‘क्यू’ हे नाव मिळाले. त्याचे चिवट टरफल देणारे जुने रूप निकामी असावे आणि मोकळ्या दाण्याच्या गव्हातले नवे रूपच काम करत असावे, असे मानणे सोपे होते. संशोधक मुरामात्सु यांनी १९६३ मध्ये ही समजूत खोडून काढली. जुन्या रूपाच्या दोन प्रतींऐवजी पाच प्रती असलेली झाडे त्यांनी तयार केली, तेव्हा त्यांची ओंबी नव्या रूपाच्या दोन प्रती असलेल्या गव्हाप्रमाणे आखूड व चौकोनी आली. म्हणजे जुने रूपही काम करत होते, फक्त कमी जोमाने. या संपूर्ण इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग माझ्या मते हाच आहे, कारण जनुकाचा रेणू हाती नसतानाही त्याने उत्तराची दिशा अचूक दाखवली.

मधल्या काळात, १९९१ मध्ये, कोएन आणि मायरोविट्झ यांनी फुलाचे अवयव ठरवणाऱ्या जनुकांचे ‘एबीसी’ प्रारूप मांडले. भातात ‘ओएस-मॅड्स-१’ हे फुलाच्या घडणीचे जनुक बिघडल्यास साळीची टरफले पानासारखी होतात, हेही पुढे दिसले. गव्हाचे ‘क्यू’ याच प्रारूपातील ‘एपी-२’ जनुकाच्या कुळातले निघाले. जस्टिन फॅरिस, बिक्रम गिल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याची सविस्तर ओळख पटवली आणि नवे रूप जुन्यापेक्षा अधिक सक्रिय असल्याचे दाखवले. त्यामागचे कारण २०१७ मध्ये उलगडले. ‘एमआयआर-१७२’ हा चिमुकला आरएनए या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याला आवर घालतो. नव्या रूपात नेमक्या त्या चिकटण्याच्या जागी डीएनएचे एक अक्षर बदललेले असल्याने हा लगाम ढिला पडतो आणि प्रथिन जास्त बनते.

मात्र एकट्या ‘क्यू’ने दाणा मोकळा होत नाही. क्रमांक दोनच्या गटातील गुणसूत्रांवरच्या ‘टीजी’ जनुकांची चिवट टरफल देणारी रूपेही त्यासाठी हटावी लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस २९७१’ हा बुटका खपली वाण दिला, त्यात झाडाची उंची कमी झाली. टरफल मात्र कायम आहे, आणि साठवणीत किडीपासून दाण्याचे रक्षण तेच करते.