कोणाला विचारून लिहायचं? सीमाभागातल्या विद्यार्थी-लेखनाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कॉलेजात शिकणारी मराठी मुलं-मुली आपल्या गावच्या प्रश्नांवर स्वतःहून लिहू लागली आहेत. पटसंख्येअभावी बंद पडत चाललेली मराठी शाळा, गल्लीतली दारू, अठरा पूर्ण व्हायच्या आत बहिणीचं जमवलेलं लग्न, बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्यात जाणारी पिकाऊ जमीन. मोबाइलवर लिहायचं आणि थेट लोकांसमोर ठेवायचं. यात नवीन काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच आहे. या मुलांना लिहिण्याआधी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. त्यांच्या आधीच्या जवळजवळ प्रत्येक पिढीला ती घ्यावी लागली होती.

विद्यार्थ्याने समाजावर बोट ठेवण्याची मराठीतली परंपरा मात्र फार जुनी. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. शाळेत बसायला मिळालेल्या पहिल्याच पिढीतल्या मुलीने तो विचारला, आणि छापला एका मिशनरी नियतकालिकाने. स्वतःचा कागद तिच्याकडे नव्हता.

बेळगावात वाचणारा वर्ग तेव्हा घडत होता. इथलं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, म्हणजे फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली त्याच वर्षीचं. टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती 1916 साली बेळगावातच. 1919 मध्ये बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ हे वृत्तपत्र सुरू केलं. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं आणि पुढच्याच एप्रिलमध्ये निपाणीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद झाली. अधिवेशनाची आठवण गावात सगळे काढतात. निपाणीची परिषद तितकी कोणाच्या तोंडी नसते. मला ही गोष्ट कायम खटकत आली आहे, कारण सामाजिक प्रश्नांचा इथला धागा त्या परिषदेतून जातो.

शाळा-कॉलेजांतलं लेखन हस्तलिखितांतून आणि भित्तिपत्रकांतून वाढलं. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. तशी हस्तलिखितं पुढे मराठी मुलखात जागोजागी निघाली, आपल्याकडेही निघाली. एकच प्रत, सुबक अक्षर, वरच्या पानावर रंगीत चित्र, आणि आत पाऊस, आई, शिवराय. आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी एका मुलाने गावातल्या गुत्त्यावर लिहिलं होतं. फळ्यावर लागण्याआधीच तो कागद काढायला लावला गेला. त्या जागी सुविचार आला. तो मुलगा पुन्हा काही लिहिताना मी पाहिला नाही.

इथे आणखी एक गोष्ट घडली, ती इतर मराठी मुलखात घडली नाही. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून मराठीत लिहिणं हीच इथे एक भूमिका ठरली. 1986 साली कन्नडसक्तीविरोधातल्या आंदोलनात गोळीबार झाला, हिंडलग्याला हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशा गावांनी वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवली आणि नव्या लिहिणाऱ्यांना मांडव दिला. हे ऋण मोठं आहे, ते मी मनापासून मानतो. पण भाषेच्या प्रश्नाने बाकीचे प्रश्न झाकले गेले, हेही खरं. मांडवात सीमाप्रश्नावरच्या कवितेला टाळ्या पडायच्या, विडी वळणाऱ्या आईवरच्या कवितेला शांतता.

वास्तविक विषयांची वाण कधीच नव्हती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बायका दिवसभर धुळीत काम करत. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, तेव्हा गोळीबारात शेतकरी मेले. सौंदत्तीच्या डोंगरावर मुली देवदासी म्हणून देवाला सोडल्या जात. त्याला बंदी घालणारा कायदा कर्नाटकाने 1982 साली केला. कायदा झाला तरी त्या मुलींची लेकरं शाळेत गेली की वडिलांच्या नावाचा रकाना त्यांच्यापुढे येऊन उभा राहायचा. त्या रकान्याबद्दल त्या लेकरांनीच लिहायला हवं होतं. त्यांच्या हाती कागद उशिरा आला.

मधल्या काळात संगणक आले, पण देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट लागे. एका यंत्रावर टाइप केलेलं दुसऱ्यावर उघडलं की नुसती चिन्हं दिसत. सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखीच दिसणारं युनिकोड रुळलं तशी ती अडचण सरली. मग स्वस्त फोन आले, 2016 नंतर इंटरनेटही स्वस्त झालं आणि खानापूरच्या जंगलपट्टीतल्या मुलाच्याही खिशात कागद, छापखाना आणि टपाल एकदम आलं.

या पिढीचं आणखी एक वेगळेपण आहे, आणि ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. ती मराठी माध्यमात शिकली तरी शाळेत कन्नड शिकून आली आहे. आजोबांना तहसीलदार कचेरीची नोटीस वाचता येत नाही, शेताचा उतारा कन्नडमध्ये असतो, सही कुठे करायची हेही दुसऱ्याला विचारावं लागतं. नात ती नोटीस वाचते, भूसंपादनाची मुदत कधी संपते ते आजोबांना सांगते, आणि रात्री तेच गावासाठी मराठीत लिहून काढते. हरकत कुठे नोंदवायची, कोणते कागद लागतात, हेही त्यात असतं. वर्गातल्या कन्नड मैत्रिणीच्या बापाचीही जमीन त्याच बायपासमध्ये चालली आहे, म्हणून खाली चार ओळी कन्नडमध्येही असतात.